एकच खातेवही

पंजाबातल्या कपूरथळा जिल्ह्यात, काळी बेईं नावाच्या लहानशा नदीच्या काठी सुलतानपूर लोधी हे गाव आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथे दौलतखान लोदी या सरदाराचा अंमल होता आणि त्याच्या मोदीखान्यात, म्हणजे सरकारी धान्यकोठारावर, एक तरुण नोकरीला होता. आलेले धान्य मोजून घ्यायचे, ज्याचा त्याचा शिधा मोजून द्यायचा आणि सगळ्याचा हिशेब लिहून ठेवायचा, असे ते काम. ही नोकरी बहिणीच्या यजमानांनी, जयराम यांनी, खटपट करून लावून दिली होती. तरुणाचे वडील मेहता कालू हे तलवंडी गावचे पटवारी; आपल्या भाषेत तलाठी किंवा कुळकर्णी म्हणा. मुलगा नीट पोटापाण्याला लागत नाही, साधूंच्या नादी लागतो, ही त्यांची कायमची चिंता. एकदा व्यापारासाठी म्हणून वीस रुपये दिले, तर त्याने वाटेत उपाशी साधूंना जेवू घालून ते संपवले आणि हाच खरा सौदा असे घरी येऊन सांगितले. अशा मुलाला कोठाराच्या किल्ल्या मिळाल्या. त्या मुलाचे नाव नानक.

पुढची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. नानक मापे मोजून घालत. एक, दोन, तीन करत तेरावर आले की 'तेरा' या शब्दापाशी अडखळत. तेरा म्हणजे बाराच्या पुढचा आकडा आणि तेरा म्हणजे 'तुझे'. सगळे तुझेच आहे या भावात ते हरवून जात आणि हात तसाच मापे घालत राही. मग कोणी तरी चहाडी केली की हा मोदी सरकारचे कोठार उधळतो आहे. दौलतखानाने तपासणी लावली. हिशेब बरोबर निघाला. उलट सरकारकडेच नानकांचे काही येणे निघाले. सुलतानपूरला हट्ट साहिब नावाचा गुरुद्वारा आहे, त्या कोठाराच्या जागी. नानकांची म्हणून मानलेली दगडी वजने तिथे जपून ठेवली आहेत.

ही कथा जनमसाखीतली. जनमसाखी म्हणजे नानकांच्या नंतर श्रद्धेने लिहिलेली चरित्रे. आपल्या महिपतींच्या भक्तविजयासारखी. तिच्याकडे दस्तऐवज म्हणून कोणी पाहू नये. पण कथा सांगणारे काय निवडतात ते पाहण्यासारखे असते. कीर्तनकार आणि प्रवचनकार 'तेरा'पाशी थांबतात, डोळे मिटतात. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याचे लक्ष मात्र पुढच्या भागाकडे जाते. तपासणी झाली आणि साठा जुळला. कथा रचणाऱ्याला हे का सांगावेसे वाटले असेल? भक्तीच्या भरात कोठार रिकामे झाले आणि देवाने रातोरात भरून दिले, अशी गोष्ट आपल्या देशात सहज पचली असती. आपल्याकडे दामाजीपंतांच्या कथेत विठोबा विठू महाराचे रूप घेऊन रक्कम भरून जातो. तुकोबांबद्दल सांगतात की त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली. आम्हा वसुलीवाल्यांना तो प्रसंग ऐकताना नेहमी थोडे अवघडल्यासारखे व्हायचे. पण सुलतानपूरची कथा चमत्काराकडे वळता वळता वहीकडे वळते. माणूस देवात बुडालेला होता, आणि त्याचा हिशेबही चोख होता. शीख विचारात संसार आणि अध्यात्म यांचे नाते काय, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगले प्रवेशद्वार सापडलेले नाही.

आपण मराठी माणसे प्रपंच आणि परमार्थ असे दोन शब्द जोडीने वापरतो, आणि जोडीने वापरता वापरता त्यांची दोन खाती करून टाकतो. प्रपंचाचे चालू खाते, परमार्थाची मुदत ठेव. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, मुलीचे लग्न हे चालू खात्यावर. ठेवीची मुदत साठीला पुरी होणार. २००१ च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा माझे कितीतरी सहकारी हेच बोलत बाहेर पडले की आता पारायणे, आता नर्मदा परिक्रमा. त्यात चूक काहीच नाही. पण त्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: काउंटरवरची तीस वर्षे देवाच्या हिशेबी धरायची नाहीत. नानकांचा आक्षेप नेमका इथे आहे. प्रपंच आणि परमार्थ यांचा तोल कसा सांभाळावा, असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा तराजूची दोन पारडी आधीच मानलेली असतात. नानकांना पारडी दोन आहेत हेच मान्य नव्हते.

अर्थात हे त्यांना मोदीखान्यात बसून सुचले आणि तिथेच संपले असे नाही. बेईं नदीत स्नानाला गेलेले नानक तीन दिवस दिसेनासे झाले आणि परतल्यावर त्यांनी नोकरी सोडली, असे जनमसाखी सांगतात. मग लांबलांबचे प्रवास सुरू झाले. शीख परंपरा या प्रवासांना 'उदासी' म्हणते. मराठीत उदास म्हणजे खिन्न; पण तुकोबांच्या धनाविषयीच्या अभंगात 'उदास' हा शब्द येतो तो याच जुन्या अर्थाने, म्हणजे गुंतून न पडलेला. या प्रवासांत नानकांची ज्यांच्याशी सर्वांत रंगलेली चर्चा झाली ते नाथपंथी योगी. कानात मुद्रा, अंगाला राख, घर सोडलेले. 'सिध गोसटि' ही नानकांची दीर्घ रचनाच या संवादाच्या रूपात आहे.

बटाल्याजवळच्या अचल गावी शिवरात्रीच्या मेळ्यात झालेल्या भेटीचे वर्णन भाई गुरदास यांनी केले आहे. भाई गुरदास हे तिसरे गुरू अमरदास यांचे पुतणे. १६०४ साली पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तो लिहून काढणारे लेखनिक तेच. भंगरनाथ नावाच्या योग्याने नानकांना विचारले की तुम्ही उदाशाचा वेष टाकून पुन्हा संसारी माणसाचे कपडे का घातलेत, दुधात आंबट कालवून ते का नासवलेत? नानकांचे उत्तर बरेच झोंबणारे आहे. दूध नासले ते आंबटाने नव्हे, भांडे मुळात नीट घासलेले नव्हते म्हणून, असा त्याचा रोख. शिवाय, घर सोडायचे आणि मग भिक्षेला त्याच घरांच्या दारात उभे राहायचे, हा कसला त्याग?

यात नाथपंथाची टवाळी शोधू नये. ज्ञानदेवांच्या घरी गहिनीनाथांपासून निवृत्तिनाथांकडे आलेला वारसा नाथांचाच होता. नानकांचा मुद्दा भाकरीचा आहे. ज्याला तुम्ही मायेत अडकलेला म्हणता त्याच्या नांगरावर तुमची मुक्ती चालते, हे तरी कबूल करा. पाचशे वर्षांपूर्वी इतक्या रोखठोकपणे मांडलेला हा हिशेब वाचताना पटवाऱ्याचा मुलगा बोलतो आहे याची खूण पटते. नानकांच्या रचनांत भांडवल, सौदा, वाणी, लेखा, शिल्लक हे शब्द वारंवार येतात, ते उगाच नव्हेत.

प्रवास संपल्यावर नानक रावीच्या काठी करतारपूर वसवून राहिले आणि शेती करू लागले. १५३९ साली देह ठेवीपर्यंत, म्हणजे परंपरेच्या हिशेबाने अठराएक वर्षे, ते तिथे होते. हे ठिकाण आज पाकिस्तानात, सीमेपासून जेमतेम चार-साडेचार किलोमीटरवर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे जाण्यासाठी मार्गिका उघडली तेव्हा तिची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. करतारपूरचा दिनक्रम भाई गुरदासांच्या वर्णनात आहे. पहाटे जपजी, संध्याकाळी सोदर आणि आरती. मधला सगळा दिवस शेताचा. आलेल्या-गेलेल्याला पंगतीत जेवण. आश्रम म्हणावे तर बायकामुले आहेत, नांगर-बैल आहेत. खेडे म्हणावे तर पहाटे सगळे गाव एकत्र बसून गाते आहे. या दिनक्रमातून नंतर तीन कलमी आचार रूढ झाला: किरत करणे, नाम जपणे, वंड छकणे. किरत म्हणजे कष्टाची, प्रामाणिक कमाई. वंड छकणे म्हणजे वाटून खाणे. तीन वेगळी व्रते म्हणून याकडे पाहिले तर त्यातली गंमत हरवते. नाम नसेल तर कमाईला हाव सुटते, वाटणे नसेल तर नामाला गर्व चढतो, आणि कमाई नसेल तर वाटणार काय?

आता नामदेवांकडे यायला हवे. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत हे आपण अभिमानाने सांगतो. एप्रिल २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा तर गुरदासपूर जिल्ह्यातले ते गाव मराठी घराघरांत पोहोचले. पण ही पदे तिथे कशासाठी घेतली गेली, तिथले नामदेव कोणत्या चेहऱ्याचे आहेत, हे आपण फारसे पाहिलेले नाही.

आपले नामदेव आठवून पाहा. शिंप्याचा मुलगा, पण धंद्यात लक्ष नाही. विठ्ठलाच्या दारी बसलेला. आई गोणाई रडते, देवाशीच भांडते की माझे पोर मला परत दे. बायको राजाई रखुमाईकडे गाऱ्हाणे घेऊन जाते की घरात खायला दाणा नाही आणि हे देवळात. ही गाऱ्हाणी आपल्या गाथेत आहेत आणि ती इतकी खरी, इतकी घरगुती आहेत की वाचताना भक्तापेक्षा राजाईचीच बाजू घ्यावीशी वाटते.

गुरु ग्रंथ साहिबातले नामदेव निराळे आहेत. तिथे कबीरांच्या श्लोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक छोटा संवाद येतो. त्रिलोचन हेही संतकवी. ते मूळचे बार्शीचे असे मानले जाते. त्रिलोचन मित्राला टोकतात की तुम्ही मायेला भुललात, हे कापडावर छपाई करत काय बसता, रामाकडे चित्त का लावत नाही? पंजाबात नामदेवांना 'छिंबा', म्हणजे कापड छापणारे, म्हणतात. शिंप्याचा तिथे छपाईवाला झाला आहे. नामदेव त्यांना सांगतात की मुखाने नाम घेता येते, हातापायांना त्यांचे काम करू देता येते आणि त्याच वेळी मन परमेश्वरापाशी ठेवता येते. म्हणजे पंढरपुरात ज्या नामदेवांवर काम सोडल्याचा आरोप होतो, त्यांच्यावरच पंजाबात काम न सोडल्याचा आरोप होतो! कादंबरी लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठी मेजवानी कोणती असेल? दोन्ही प्रतिमा एकाच माणसाच्या असायला काही हरकत नाही. विशीतला नामदेव आणि साठीतला नामदेव, मध्ये ज्ञानदेवांबरोबरची तीर्थयात्रा आणि त्यांच्या समाधीचे दुःख. पण शीख परंपरेने त्यांतला कोणता नामदेव जवळ केला हे उघड आहे.

तिथल्याच रामकली रागातल्या एका पदात नामदेव एकामागून एक चित्रे मांडतात. मुलगा पतंग उडवतो, मित्रांशी गप्पा मारतो, लक्ष दोरीवर. मुली पाणी भरून येतात, हसतात, टाळ्या देतात, लक्ष डोक्यावरच्या घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, जीव वासरात. आई घरात आत-बाहेर शंभर कामे करते, लक्ष पाळण्यात. या चित्रांत कोणीही काम थांबवलेले नाही, हे विशेष. पतंग उडवणाऱ्याने गप्पा थांबवल्या नाहीत की आईने पाळण्याशेजारी बसकण मारली नाही. उलट तिने पाळण्याकडे टक लावून बसायचे ठरवले असते तर त्या दिवशी घरात चूल पेटली नसती. ध्यान म्हणजे इतर सगळे बंद करणे, हा समज इथे अलगद बाजूला पडतो. आसा रागातल्या दुसऱ्या एका पदात तर मन हाच गज, जीभ हीच कात्री, असे सगळे दुकानच उपासनेत आले आहे.

याच ग्रंथात आणखी दोन रचना आहेत, त्या वाचून मला माझे टेबल आठवले. धन्ना जाट हा राजस्थानातला शेतकरी भक्त. त्याने देवाची आरती लिहिली आहे, ती म्हणजे सरळ मागण्यांची यादी. डाळ, पीठ, तूप, पायांत जोडा, चांगले पिकलेले धान्य, दुभती गाय-म्हैस, एक उमदी घोडी, आणि घरात चांगली बायको. कबीरही मागे नाहीत. उपाशीपोटी भक्ती होत नाही असे देवाला बजावून ते पीठ, तूप, मीठ, डाळ किती शेर लागेल ते मापानिशी सांगतात. शिवाय चार पायांची खाट, उशी आणि रजई. पीककर्जाचे अर्जदेखील इतके स्पष्ट लिहिलेले मी कमी पाहिले. गंभीरपणे बघायचे तर या दोन्ही याद्यांना वरची मर्यादा आहे. कबीरांनी खाट मागितली, वाडा मागितला नाही. धन्नाने घोडी मागितली, पागा मागितली नाही. आणि अशा रचना धर्मग्रंथात, त्याच अदबीने, त्याच रागांत गायल्या जातात. भूक ही देवाला सांगण्याची गोष्ट आहे, लपवण्याची नव्हे, हे त्या ग्रंथाने अधिकृत करून टाकले.

इथे जाणता वाचक विचारील की मग पळवाट किती सोपी! संसार हीच साधना म्हटले की दुकानात बसणारा प्रत्येक जण साधक झाला. शंका रास्त आहे. घरसंसाराचे कारण पुढे करून माणसे काय काय करतात, ते बँकेच्या चौकशी-अहवालांत भरपूर वाचायला मिळते. शीख परंपरेला ही भीती सुरुवातीपासून होती असे दिसते. सैदपूरची, म्हणजे आजच्या एमिनाबादची कथा त्यासाठीच सांगतात. नानक तिथल्या भाई लालो नावाच्या सुताराकडे उतरले आणि मलिक भागो या बड्या अधिकाऱ्याच्या मेजवानीला जाईनात. जाब विचारल्यावर त्यांनी एका हातात लालोची जाडीभरडी भाकरी आणि दुसऱ्या हातात भागोची पुरी घेऊन पिळली. एकीतून दूध निघाले, दुसरीतून रक्त. कमाई करा एवढे म्हणून भागत नाही. ती कुणाच्या अंगातून निघाली ते विचारले जाणार आहे.

दुसरा बंधारा दसवंधाचा. मिळकतीचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला द्यायचा. मी नांदेडच्या शाखेत असताना एक ट्रकमालक सरदारजी आमचे खातेदार होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले, मराठी आमच्याइतकीच चांगली, फक्त चिडले की दखनीवर उतरत. कर्जाच्या नूतनीकरणासाठी ते आपली वही घेऊन येत. महिनाअखेरीच्या प्रत्येक पानावर पहिली नोंद दसवंधाची, मग आमचा हप्ता, मग टायर, मग घरखर्च. मी एकदा धंदेवाईक सवयीने विचारले, "सरदारजी, हा दहावा हिस्सा उलाढालीवर काढता की नफ्यावर?" ते म्हणाले, "नफ्यावर, साहेब. डिझेल काय गुरूने प्यायले का?" दुष्काळी वर्षात त्यांचे ट्रक तीन महिने उभे होते. त्या तीन पानांवरही पहिली ओळ होती, पुढे शून्य लिहिलेले. ओळ गाळलेली नव्हती.

तिसरा बंधारा लंगर. तिसरे गुरू अमरदास यांनी दंडक घातला होता की आधी पंगतीत बसा, मग भेटीला या. बादशहा अकबरही त्या पंगतीत बसला असे परंपरा सांगते. तिथे वाढणारा, भांडी घासणारा, जोडे सांभाळणारा हा एरवीचा दुकानदार, कारखानदार, अधिकारी असतो. १९४५ साली मान्य झालेल्या शीख रहत मर्यादेतही पहाटेचे नामस्मरण, कष्टाची कमाई आणि सेवा ही एकत्रच येतात. एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीजवळ गाझियाबादच्या एका गुरुद्वाऱ्याने रस्त्यावर 'ऑक्सिजन लंगर' चालवला, तेव्हा अनेकांना नवल वाटले. ज्यांना पोळ्यांऐवजी सिलिंडर वाटायचे सुचले त्यांना त्यात नवे काही वाटले नसावे.

राज्य आणि शस्त्र हीदेखील संसाराचीच कामे, हे पुढचे पाऊल सहाव्या गुरूंनी टाकले. १६०६ साली गुरू अर्जनदेवांना लाहोरला मारण्यात आले, त्यानंतर गुरू हरगोविंद यांनी दोन तलवारी धारण केल्या, मीरी आणि पीरी. एक ऐहिक सत्तेची, एक आध्यात्मिक. शीख परंपरेत एक कथा आहे की गढवालातल्या श्रीनगरला समर्थ रामदासांची आणि त्यांची भेट झाली. घोड्यावर बसलेला, शस्त्रे ल्यालेला हा कसला नानकांच्या गादीचा साधू, असे समर्थांनी विचारले. गुरूंनी सांगितले की फकिरी आतली आहे, अमिरी वरची. नानकांनी माया सोडली होती, जग सोडले नव्हते. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण दासबोधात प्रपंचाची इतकी बारीक काळजी वाहणाऱ्या समर्थांना हे उत्तर परके वाटले नसते.

आणि जे घडले ते नांदेडलाच घडले. १७०८ साली गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी आले तेव्हा तिथे माधोदास नावाचा एक बैरागी मठ करून राहत होता. मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा, घर सोडून इतक्या दूर आलेला, योगसिद्धीबद्दल नाव कमावलेला. गुरूंशी भेट झाली आणि मठ सुटला. माधोदासाचा बंदासिंग झाला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला गुरूंनी देह ठेवला, ग्रंथाला गुरुपद देऊन; आणि बंदा पंजाबकडे निघाला. १७१० च्या मे महिन्यात त्याने सरहिंद घेतले, गुरूंच्या नावाने नाणी पाडली, जमीन कसणाऱ्याची असा कारभार चालवला, लग्न केले, त्याला मुलगा झाला. १७१६ साली दिल्लीत त्याला हालहाल करून मारले, त्याआधी त्या लहान मुलाला त्याच्यासमोर मारले. संसारात परतण्याची किंमत इतकी मोठी असू शकते. नांदेडला बंदा घाटावर उभे राहिले की नदी फार शांत दिसते आणि हा माणूस इथेच राहिला असता तर सुखाने म्हातारा झाला असता, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत आली आहे. गृहस्थाश्रमाची थोरवी सांगणारे नानक स्वतः वर्षानुवर्षे प्रवासात होते. बटाल्याची सुलक्खनी त्यांची पत्नी. श्रीचंद आणि लखमीदास हे दोन मुलगे. बाप देशोदेशी फिरत असताना ही मुले वाढवली आई, आजी-आजोबा आणि आत्या नानकी यांनी. थोरल्या श्रीचंदांनी लग्न केले नाही. ते विरक्त झाले आणि उदासी पंथ त्यांच्या नावावर चालला. गादी मात्र नानकांनी त्यांना दिली नाही. दिली लहणा या संसारी शिष्याला, ज्याने चिखलाने निथळणारा गवताचा भारा डोक्यावर घेताना अंगावरच्या चांगल्या कपड्यांचा विचार केला नव्हता. लहणा म्हणजे दुसरे गुरू अंगददेव. पुढे अमरदासांनी विरक्त उदाशांपासून शीख वेगळे आहेत हे स्पष्टच केले. गुरूंच्या गादीवर बालवयात गेलेल्या हरकिशन यांच्याखेरीज सगळेच गृहस्थ. धाकट्या मुलाचे काय, तो तर संसारी होता, असे कोणी विचारील. गादी रक्ताने द्यायची नाही, हे नानकांनी ठरवले असावे. पण बापाचे पाहून विरक्त झालेल्या पोराला बापाने संसाराच्या बाजूने कौल दिल्यावर काय वाटले असेल, याचे उत्तर कोणत्याही जनमसाखीत समाधानकारक नाही. ती जागा रिकामी आहे आणि रिकामीच असू द्यावी.

स्त्रीला हीन मानणाऱ्यांना नानकांनी 'आसा दी वार'मध्ये फटकारले आहे. राजे जिच्या पोटी जन्माला येतात तिला कमी कसे लेखता, असा त्यांचा सवाल आहे. बाळंतपणाचे सोयर त्यांनी नाकारले. अमरदासांनी सतीला विरोध केला. चौथे गुरू रामदास यांच्या 'लावां' या चार कडव्यांवर शीख विवाह होतो. वधूवर ग्रंथाभोवती चार फेरे घेतात आणि प्रत्येक फेऱ्याला जिवाशिवाच्या मीलनाची एक पायरी गायली जाते, म्हणजे संसाराचा पहिला दिवसच परमार्थाच्या भाषेत. हे सारे खरे. तरीही बायकांच्या कष्टावर हा तोल उभा आहे का, हा प्रश्न उरतो, आणि तो फक्त शिखांना विचारण्याचा नाही. आपल्या राजाईने तो रखुमाईला विचारलेलाच आहे.

नांदेडच्या लंगरात मी दुपारच्या वेळी बऱ्याचदा जात असे. कणीक तिंबणाऱ्यांत आणि भांडी घासणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पुरुष असत, आणि त्यांतल्या कित्येकांनी घरी कपबशीही विसळली नसावी अशी मला शंका होती. ट्रकमालक सरदारजींना ती बोलून दाखवली तर ते मोठ्याने हसले. "घरवालीपण हेच म्हणते," म्हणाले, आणि परातीतल्या पिठात पाणी घालू लागले.

गुरु ग्रंथ साहिबाच्या १४३० पानांत गुरुपत्नींपैकी एकीचेच नाव येते. गुरू अंगदांच्या पत्नी माता खीवी यांचे. सत्ता आणि बलवंड या दोन गवयांच्या रचनेत त्यांची स्तुती आहे: त्यांची सावली गर्द पानांच्या झाडासारखी, आणि त्यांच्या लंगरातल्या खिरीत तूप भरपूर असे. सुलक्खनींचे नाव त्या पानांत कुठे नाही. करतारपूरच्या शेतावरून दिवस मावळता नानक घरी येत, सोदर म्हटले जाई, पंगत बसे, तेव्हा त्या तिथेच होत्या.